गळकं बाथरूम ठेकेदाराकडून नवं करून घेताना

जुन्या फ्लॅटमध्ये चौरस फुटामागे सगळ्यात जास्त खर्च बाथरूमवर होतो आणि सगळ्यात जास्त भांडणंही तिथेच होतात. त्याला कारण आहे. चाळीस चौरस फुटांत बिगारी, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला, गवंडी, फरशीवाला आणि वायरमन एकामागून एक येतात, आणि प्रत्येकाचं काम पुढच्याच्या कामाखाली गाडलं जातं. कोब्याखालच्या सांध्यात चूक राहिली तर ती दिसते फरशी, नळ, कमोड सगळं बसल्यावर, तेही खालच्या घराच्या छतावर. म्हणून ठेकेदाराशी बोलताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी तपासायचं, आणि पैशाचे हप्ते त्या तपासणीला बांधायचे. दर, ब्रँड, टाइल्सचा रंग हे सगळं त्यानंतरचं.

पाणी कुठून येतंय ते आधी ठरवा

ठेकेदाराला बोलावून ‘गळतंय, बघा’ म्हटलं की उत्तर एकच येतं: पूर्ण फोडावं लागेल. कधी ते खरं असतं, कधी नसतं. त्यामुळे आपली तपासणी आधी करा. खालच्या घरातला डाग रोज सारखाच ओला राहत असेल, अगदी तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी वाढत असेल, तर संशय पाणीपुरवठ्याच्या लाइनवर, कारण तिच्यात दाब सतत असतो. अंघोळी झाल्यावर काही तासांनी डाग वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड), सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यात डाग येत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट (उभे पाइप जातात ती पोकळी) बघायची. आतलं बाथरूम फोडून काही मिळणार नाही.

फरशी तपासायची सोपी रीत म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये चिंधी कोंबून बूच मारायचं, एक-दीड इंच पाणी भरायचं, त्यात खाण्याचा रंग टाकायचा आणि २४ तास तसंच ठेवायचं. मात्र जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूपेक्षा आठ-दहा इंच खाली असतो आणि ती खोली विटांच्या तुकड्यांनी भरलेली असते. हा भराव पाणी धरून ठेवतो. नळ बंद केल्यावरही खाली चार-पाच दिवस ठिबकत राहतं आणि माणूस चुकीच्या निष्कर्षावर येतो. चाचण्यांमध्ये तेवढं अंतर ठेवा.

दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हेही इथेच सुटतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने तिच्या खर्चाने दुरुस्त करायची, आणि घरातल्या न्हाणीघर-संडासाची गळती सभासदाने. डक्टमधला उभा पाइप फुटला असेल तर तुमचा ठेकेदार त्याला हात लावण्याआधी सोसायटीला लेखी कळवा.

सोसायटीची परवानगी

अर्जात काम काय, किती दिवस, ठेकेदाराचं नाव आणि मजुरांची यादी द्यावी लागते. बहुतेक सोसायट्या अनामत घेतात, कामाच्या वेळा ठरवून देतात, दुपारी तोडफोड बंद ठेवायला सांगतात. लिफ्टमधून राडारोडा न्यायला बंदी असेल तर ते दर ठरवण्याआधी ठेकेदाराला सांगा. पाचव्या मजल्यावरून पोती खांद्यावर उतरवायची मजुरी वेगळी असते आणि ती शेवटी ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते.

खांब, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप तिथे झाला. बाथरूमच्या कामात धोका लहान दिसतो म्हणून फसवा असतो. कमोडची जागा बदलायची म्हणून प्लंबर बीममधून कोअर कटिंग (यंत्राने आरपार गोल भोक) करायला निघतो, किंवा पाइप लपवायला स्लॅबच्या खालच्या अंगाला खाच पाडतो. असं काही सुचवलं गेलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय नाही म्हणा. त्यापेक्षा कमोड आहे तिथेच राहिलेला बरा.

काम कधी काढायचं

होळी, छठपूजा आणि मे महिन्यातली लग्नसराई या काळात कारागीर गावी जातात आणि कामं अर्धवट राहतात. गणपती-दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई असते. आतल्या बाथरूमला पावसाळा चालतो, पण प्लास्टर आणि कोटिंग वाळायला वेळ लागतो. छठपूजा उरकल्यानंतर ते होळीआधी हा काळ सगळ्यात सोयीचा. आणि हो, बाथरूम एकच असेल तर शेजाऱ्यांची किंवा नातेवाइकांची सोय आधी बघून ठेवा. घरात अंघोळीची पंचाईत झाली की आपणच ‘लवकर संपवा’ म्हणून मागे लागतो आणि त्या घाईत पाणी भरून ठेवायची चाचणी गाळली जाते.

ठेका कशा प्रकारचा द्यायचा

रोजंदारीवर काम दिलं तर दिवस लांबतात. सगळं उक्तं दिलं, म्हणजे ‘बाथरूम पूर्ण करून इतके लाख’, तर माल हलका लागतो. नुसती मजुरी ठरवून माल आपण आणला तर सिमेंटच्या एका गोणीसाठी रोज दुकानात पळावं लागतं, आणि गळती झाली की ठेकेदार म्हणतो, केमिकल तुम्ही आणलं होतं.

लहान कामाला मधला मार्ग चांगला. जे झाकलं जाणार आहे ते सगळं, म्हणजे सिमेंट, वाळू, पाइप, सांधे, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, टाइल्स चिकटवायचं ॲडेसिव्ह, ठेकेदाराने आणायचं, पण ब्रँड आणि प्रत आधी लिहून. जे डोळ्यांना दिसणार आहे ते, म्हणजे टाइल्स, नळ, कमोड, बेसिन, गिझर, आपण आणायचं. मग गळतीची जबाबदारी पूर्णपणे त्याच्याकडे राहते आणि आवडीनिवडीचा खर्च आपल्या हातात.

आपण आणायच्या वस्तू काम सुरू व्हायच्या आधी निवडून झालेल्या हव्यात. कमोडच्या सांडपाण्याचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर आहे, ९ इंच की १२ इंच, हे अंतर टाइल्स लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजतात, आणि पाइप त्याच्या कितीतरी आधी बसतो. भिंतीत लपणाऱ्या डायव्हर्टरचंही (गरम-थंड पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) तेच. तो प्लास्टर आणि टाइल्सची जाडी धरून ठरावीक खोलीवर बसवावा लागतो; जास्त आत गेला तर वरची प्लेट बसत नाही, बाहेर राहिला तर भिंतीवर टेंगूळ दिसतं. ‘आणू नंतर’ म्हटलं की प्लंबर अंदाजाने बसवतो आणि नवी टाइल फोडावी लागते.

ठेकेदाराची पारख

निदान तिघांना बोलवा. तिघांनाही जागा दाखवा आणि कोण काय मोजतो ते बघा. टेप न काढता दारातूनच आकडा सांगणाऱ्याला चहा देऊन निरोप द्या. खालच्या घरातलं छत बघायला मागणारा, कमोडमागचा पाइप कोणत्या डक्टमध्ये जातो हे विचारणारा माणूस कामाचा.

फोनमधले फोटो कोणीही दाखवतो. त्याऐवजी दोन जागा मागा. एक सध्या चालू असलेली, तिथे त्याचे कारागीर आणि कामाची पद्धत दिसते. दुसरी दोन पावसाळे पाहिलेली. तिथे गेल्यावर टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल पूर्ण भरलेला नाही. एक तांब्या पाणी ओतून ते ट्रॅपकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते बघा. घरमालकाला विचारायचा खरा प्रश्न असा: काम संपल्यावर बोलावलं तेव्हा तो आला का?

ठेकेदाराला थेट विचारा की प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला त्याचे स्वतःचे आहेत की काम पुढे दुसऱ्याला देणार. पुढे देण्यात गैर काही नाही, पण मग जबाबदारी कोणाची हे कागदावर हवं. जीएसटी लावणार असेल तर १५ अंकी-अक्षरी क्रमांक मागून सरकारी पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते, गोव्यातली ३० ने. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताच येत नाही. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवणाऱ्याला साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे लहान ठेकेदाराकडे क्रमांक नसणं हा दोष नाही. क्रमांक नसताना बिलावर १८ टक्के लावणं हा आहे.

दरपत्रक: तिघांना एकच यादी

प्रत्येकाने आपल्या मनाने दरपत्रक दिलं तर तुलना होऊ शकत नाही. यादी तुम्ही करा, दर त्यांनी भरायचे. आठ फूट बाय पाच फुटांच्या, सात फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या बाथरूमची यादी साधारण अशी होते:

- भिंतीच्या आणि जमिनीच्या जुन्या टाइल्स, प्लास्टर आणि खोलगट स्लॅबमधला भराव काढणं. स्लॅब उघडा करणं
- राडारोडा पोत्यांत भरून खाली उतरवणं आणि महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी नेऊन टाकणं
- स्लॅबच्या भेगा, उघड्या गजांवरचा गंज आणि पाइपांभोवतीची भोकं दुरुस्त करणं
- गरम-थंड पाण्याची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) लाइन, सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅप, पॉइंटच्या हिशेबाने
- वॉटरप्रूफिंग: स्लॅबवर दोन हात, भराव झाल्यावर पुन्हा दोन हात, भिंतीवर उंचीसह
- भराव, ढाळ आणि भिंतीचं प्लास्टर
- टाइल्स लावणं. ॲडेसिव्ह, स्पेसर (टाइल्समधलं अंतर सारखं ठेवणारे तुकडे) आणि ग्राउट (सांधे भरायचा माल) धरून
- खिडकीची आणि उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी, रनिंग फुटाने
- नळ, कमोड, बेसिन, गिझर बसवणं
- विजेचे पॉइंट. दिवा, एक्झॉस्ट पंखा, गिझर वेगवेगळे
- माल वर चढवणं, शेवटची साफसफाई

‘पॉइंट’ म्हणजे काय ते लिहून घ्या. प्लंबिंगमध्ये बेसिनचा गरम एक, थंड एक आणि सांडपाण्याचा एक असे तीन पॉइंट धरणारे आहेत आणि बेसिनचा मिळून एकच पॉइंट धरणारेही आहेत. दर पॉइंटला तिसरा हिस्सा दिसला तरी बिल तेवढंच होतं.

टाइल्सचा हिशेब स्वतः करून ठेवा. चार भिंतींचा घेर २६ फूट, उंची ७, म्हणजे १८२ चौरस फूट. अडीच बाय सातचं दार साडेसतरा आणि दोन बाय दोनची खिडकी चार वजा केली की सुमारे १६० उरतात. जमिनीचे ४० मिळून २००. कापाकापीत ८ ते १० टक्के वाया जातं, म्हणून २१५ ते २२० चौरस फूट घ्या. ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल जवळजवळ दोन चौरस फूट भरते, त्या हिशेबाने ११० ते ११५ नग. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच हवा. पंधरा दिवसांनी आणलेलं एक खोकं रंगाला हमखास वेगळं निघतं.

तीन दरपत्रकं हातात आल्यावर सगळ्यात कमी आकडा बघायच्या आधी वॉटरप्रूफिंग आणि तोडफोड या दोन ओळी बघा. कमी दराचं गुपित बहुधा तिथे असतं: भराव न काढता वरवर केमिकल मारायचं, किंवा जुन्या टाइल्सवरच नव्या लावायच्या. फरशीवर फरशी कोरड्या खोलीत, खालचा थर घट्ट असेल तर चालते. गळक्या बाथरूममध्ये नाही. पाणी भरावात तसंच राहतं, वजन वाढतं आणि जमीन दाराबाहेरच्या पातळीच्या वर येते.

करार आणि हप्ते

स्टॅम्प पेपर असेल तर उत्तम. पण यादी, दर, मालाचे ब्रँड, मुदत आणि हप्ते लिहिलेल्या कागदावर पानोपानी दोघांच्या सह्या असणं जास्त महत्त्वाचं. वाढीव काम निघालं तर ते करण्याआधी व्हॉट्सॲपवर दर कळवायचा आणि तुम्ही ‘मंजूर’ लिहायचं. तोंडी सांगितलेलं काम बिलात धरलं जाणार नाही, असं एक वाक्य करारात घाला. या एका वाक्याने शेवटची निम्मी वादावादी टळते. पाणी आणि वीज कोणाची, मजूर रात्री राहणार का, कुलपाची किल्ली कोणाकडे, हेही ठरवून टाका.

हप्ते कामाच्या मागून चालायला हवेत. ठेकेदाराचा हिस्सा दोन लाखांचा असेल तर अशी विभागणी करता येते:

- सुरुवातीला १० टक्के: २०,००० रुपये
- तोडफोड, राडारोडा आणि पाइपलाइनची दाबचाचणी झाल्यावर: ५०,०००
- पाणी भरून ठेवायची चाचणी पास झाल्यावर: ४०,०००
- टाइल्स आणि ग्राउट पूर्ण झाल्यावर: ५०,०००
- नळ-कमोड बसून, मोजणी होऊन: २०,०००
- एक पावसाळा किंवा सहा महिने झाल्यावर: २०,०००

निम्मी रक्कम आधी मागणारा बहुतेक वेळा आधीच्या जागेवरची देणी त्यातून भागवतो, आणि मग तुमचं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या उचलीवर अडतं. दुसऱ्या बाजूने, ठेकेदाराला मजुरांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो हेही खरं. टप्पा झाला की पैसे त्याच दिवशी द्या. मालासाठी पैसे अडत असतील तर दुकानाचं बिल थेट चुकतं करा आणि ते हप्त्यातून वळतं करून घ्या. सगळे पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, शेऱ्यात टप्प्याचं नाव लिहून.

लेखी ‘दहा वर्षांची गॅरंटी’ छान दिसते, पण ती देणारा दहा वर्षांनी त्याच धंद्यात असेलच असं नाही. राखून ठेवलेले १० टक्के त्याहून कामाचे.

मुदत तीन आठवडे धरा. तोडफोडीला दोन-तीन दिवस, पाइपला तीन, कोटिंग आणि ते पक्कं व्हायला पाच-सहा, पाणी भरून दोन, भराव-प्लास्टरला चार, टाइल्सला चार, बाकी फिटिंग. ‘आठ दिवसांत देतो’ म्हणणाऱ्याने यातलं काय वगळलंय ते विचारा.

काम चालू असताना

पहिला थांबा तोडफोडीनंतर. मुख्य व्हॉल्व्ह नीट बंद होतो का हे आदल्या दिवशीच बघून ठेवा, तीस वर्षांचा व्हॉल्व्ह ऐन वेळी हातात येतो. डक्टच्या बाजूच्या ट्रॅपचं तोंड पोत्याने बंद करून घ्या. त्यात मालाचे तुकडे गेले तर खालच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी तुंबतं. स्लॅब उघडा झाल्यावर गज दिसत असतील तर तारेच्या ब्रशने गंज काढून, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या मालाने ते झाकायचे. गज पातळ होऊन सुटायला आले असतील तर काम थांबवून इंजिनिअरला दाखवा. भेगा नुसत्या पुसून भरायच्या नाहीत, व्ही आकारात खोलवून भरायच्या.

गळती सगळ्यात जास्त होते ती पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तिथे. सिमेंट वाळताना आकसतं, पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. म्हणून तिथे साधा माल न भरता न आकसणारा ग्राउट भरायचा आणि पाइपला त्याआधी कानशीने खरवडून घ्यायचं.

पाइपलाइन बसली की भिंत बुजवण्याआधी दाबचाचणी. सगळी तोंडं बूच मारून बंद करायची, हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो दाब द्यायचा आणि तासभर काटा हलत नाही हे बघायचं. सॉल्व्हंट लावलेले सांधे पुरेसे वाळल्याशिवाय ही चाचणी करू नका. किती तास हे डब्यावर लिहिलेलं असतं. टाकीचं पाणी सोडून ‘बघा, गळत नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे. गरम पाण्याला एसडीआर (पाइपचा व्यास आणि जाडी यांचं गुणोत्तर) ११ वर्गाचा सीपीव्हीसी घ्या; १३.५ चा पाइप पातळ असतो आणि दिसायला सारखाच, त्यामुळे पाइपवरचा छाप वाचा. मग टेप लावून चारही भिंतींचे फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे. पुढे टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडताना हेच फोटो पाइप वाचवतात.

वॉटरप्रूफिंगमध्ये भिंत आणि स्लॅब मिळतात त्या काटकोनात आधी मालाची गोलाई करून घ्यायची, कारण काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन चिरतं. तिथे आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी. पावडर आणि द्रव अशा दोन भागांचं कोटिंग असेल तर मिश्रण डब्यावरच्या प्रमाणातच. पातळ व्हावं म्हणून पाणी घालताना कोणी दिसला तर तिथेच थांबवा. पृष्ठभाग ओलसर हवा, साचलेलं पाणी नको. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. कोटिंग खोलगट भाग पूर्ण चढून तयार जमिनीच्या वर निदान एक फूट जायला हवं, शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत.

कोटिंग कंपनीने सांगितलेले दिवस वाळू द्या, मग ट्रॅप बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि ४८ तास ठेवा. वाफ होऊन थोडं पाणी कमी होतंच. ते किती हे कळावं म्हणून त्याच खोलीत पाणी भरलेलं घमेलं ठेवा आणि दोन्हीकडची घट ताडून बघा. खालच्या घरी रोज एकदा जाऊन छताचा फोटो काढा. ही चाचणी होण्याआधी भराव टाकायला सुरुवात झाली तर पुढचा हप्ता द्यायचा नाही. तुमच्या हातातली खरी ताकद इथेच आहे.

भरावाला जुनाच राडारोडा वापरायचा मोह ठेकेदाराला होतो, उतरवायची मजुरी वाचते. जुन्या तुकड्यांत लाकूड, कागद, चुना असतो आणि तो पुढे बसतो. स्वच्छ विटांचे तुकडे किंवा हलके ब्लॉक मालात बसवून घ्या, त्यावर ढाळ काढून पुन्हा कोटिंग. ढाळ साधारण शंभरास एक, म्हणजे आठ फुटांत जेमतेम एक इंच. तयार जमीन दाराबाहेरच्या फरशीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली. टाइल्स लागायच्या आधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. ढाळ टाइल्समध्ये ‘ॲडजस्ट’ होत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषत नाही, म्हणून सिमेंटची स्लरी तिला धरत नाही. ॲडेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरायचं. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे लावून टाइल दाबली की मागे पोकळी राहते, तिथे पाणी जमतं आणि भोक पाडताना टाइल तडकते. तीन मिलिमीटर थराला २० किलोची गोणी ४५ ते ५० चौरस फूट पुरते. दोनशे फुटांना दोनच गोण्या आल्या असतील तर गोळेच लागताहेत. सांधे दोन मिलिमीटर ठेवून दुसऱ्या दिवशी इपॉक्सी ग्राउट. जागेवरची सिमेंटची गोणी तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. आठवडा आणि वर्ष गोणीवर छापलेलं असतं.

विजेचं काम थोडक्यात: गिझरला वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग, आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच). शेवटच्या गोष्टीत काटकसर नको.

मोजणी आणि शेवटचं बिल

मोजणी दोघांनी मिळून, टेप एकाच्या हातात आणि वही दुसऱ्याच्या. टाइल्सची मजुरी लागलेल्या क्षेत्रफळावर, विकत आणलेल्या खोक्यांवर नाही. प्लास्टरमध्ये दार-खिडकीची वजावट हा नेहमीचा तंटा. त्यासाठी भारतीय मानक १२०० चा (बांधकामाच्या मोजणीचे नियम) प्रघात आधीच करारात लिहा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट. त्याहून मोठ्या जागेची दोन्ही बाजूंची, पण मग दाराच्या आतल्या कडा वेगळ्या मोजायच्या. अडीच बाय सातचं दार सुमारे १.६ चौरस मीटर भरतं, म्हणजे मधल्या गटात.

उरलेल्या पाच-सहा टाइल्स आणि ग्राउटचा रंगक्रमांक जपून ठेवा. ते डिझाइन दोन वर्षांत बाजारातून जातं.

बिनसलं तर

ठेकेदार फोन उचलेनासा झाला तर लगेच दुसरा माणूस कामाला लावू नका. आधी झालेल्या कामाचे तारखेसह फोटो आणि मोजमाप घ्या, शक्य तर सोसायटीच्या पदाधिकाऱ्यासमोर. मग व्हॉट्सॲपवर आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा की अमुक तारखेपर्यंत काम सुरू न झाल्यास उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊन फरक वसूल केला जाईल. बरेच जण या पत्रावरच परत येतात.

नाही आले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यातून निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. वकील सक्तीचा नाही. आयोगापुढे कामी येतात ते सह्यांचा करार, बँकेतल्या नोंदी, ‘मंजूर’ लिहिलेले संदेश आणि दुसऱ्या ठेकेदाराचं किंवा इंजिनिअरचं लेखी मत: काय राहिलंय, काय चुकलंय आणि ते नीट करायला किती लागतील.